जुन्या संगणकाचा एसएमपीएस: व्होल्टेज कसं तपासायचं

पंधरा-वीस वर्षांचा डेस्कटॉप संगणक मधेच बंद पडू लागतो, आपोआप रीस्टार्ट होतो, कधी बटण दाबलं तरी ढिम्म हलत नाही. दुकानात नेला की बरेचदा एकच उत्तर मिळतं: मदरबोर्ड गेला, नवीन घ्या. कधी ते खरंही असतं. पण त्या मदरबोर्डला वीज पुरवणारा डबाच थकलेला असेल, तर धडधाकट बोर्ड, रॅम आणि हार्ड डिस्क भंगारात जाते. शाळांमध्ये, सोसायटीच्या ऑफिसात, पतसंस्थांमध्ये असे कितीतरी संगणक याच कारणाने कोपऱ्यात जाऊन बसलेत. तो डबा तपासायला फार मोठं ज्ञान लागत नाही. दोन-तीनशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर आणि थोडा धीर एवढं पुरतं.

आधी त्या डब्याची ओळख करून घेऊ. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला जिथे आपण विजेची जाड वायर खोचतो, तो पत्र्याचा डबा म्हणजे एसएमपीएस, स्विच मोड पॉवर सप्लाय. भिंतीतल्या 230 व्होल्ट एसी विजेतून तो संगणकाला लागणारी कमी व्होल्टची डीसी वीज तयार करतो. एसी म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज, डीसी म्हणजे सेलमधून मिळते तशी एकाच दिशेने वाहणारी. संगणकाला मुख्यतः तीन व्होल्टेज लागतात: 12, 5 आणि 3.3.

आपला संगणक साधारण 1997-98 नंतरचा असेल तर त्यातला एसएमपीएस बहुधा एटीएक्स पद्धतीचा असतो. ही पद्धत इंटेलने 1995 मध्ये आणली. तिची खूण म्हणजे मदरबोर्डवर बसणारा, दोन ओळींचा, 20 किंवा 24 वायरींचा एकच रुंद कनेक्टर. त्याऐवजी शेजारी-शेजारी बसणारे सहा-सहा वायरींचे दोन कनेक्टर दिसले, तर तो त्याआधीचा एटी प्रकार. त्याच्याबद्दल पुढे वेगळं सांगितलं आहे, कारण त्यात काही नियम चक्क उलटे आहेत.

एटीएक्समध्ये वायरीचा रंगच तिचं व्होल्टेज सांगतो. पिवळी 12 व्होल्ट, लाल 5, नारिंगी 3.3. काळ्या सगळ्या वायरी म्हणजे ग्राउंड, म्हणजे ज्याच्या तुलनेत बाकीचं मोजायचं तो शून्याचा बिंदू. जांभळी वायरही 5 व्होल्टचीच, पण ती संगणक बंद असतानाही चालू असते. निळी उणे 12 व्होल्ट. हिरवी वायर म्हणजे एसएमपीएसला ‘सुरू हो’ सांगणारी, आणि करडी म्हणजे एसएमपीएसने बोर्डला ‘सगळं ठीक आहे’ असं कळवणारी. फार जुन्या एसएमपीएसमध्ये उणे 5 व्होल्टची पांढरी वायरही दिसते. पुढे तिची गरज उरली नाही, म्हणून ती गेली. आपल्याकडे ती जागा रिकामी असेल तर वायर तुटली असं समजू नका.

आता कोणता आकडा बरा आणि कोणता वाईट? 12, 5 आणि 3.3 या तिघांनाही पाच टक्के वर-खाली चालतं. म्हणजे पिवळीवर 11.4 ते 12.6, लालवर 4.75 ते 5.25, नारिंगीवर 3.14 ते 3.47. जांभळीलाही लालचीच मर्यादा. निळीला दहा टक्के सूट आहे, म्हणजे उणे 10.8 ते उणे 13.2. हे आकडे एका चिठ्ठीवर उतरवून समोर ठेवा. चालू संगणकात हात घालून मोजत असताना आठवत बसायची पाळी येऊ नये.

मीटर हातात घेतल्यावर पहिली चूक त्याच्या भोकांमध्ये होते. काळा प्रोब ‘कॉम’ लिहिलेल्या भोकात, लाल प्रोब व्होल्ट-ओहम लिहिलेल्या भोकात. ‘10 अँपिअर’ लिहिलेल्या भोकात लाल प्रोब राहिला असेल तर तो लगेच काढा. त्या भोकातून मीटर अगदी जाड वायरीसारखा वागतो, आणि पिवळ्या-काळ्यावर टेकवताच थेट शॉर्ट होतो.

मग चकती डीसी व्होल्टच्या 20 वर आणा. डीसीची खूण म्हणजे ‘व्ही’ अक्षराशेजारी एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ. नागमोडी रेघ असेल ती एसीची बाजू. एसीवर ठेवून डीसी मोजलं तर येणाऱ्या आकड्याला काहीच अर्थ नसतो, आणि त्यावरून चांगला एसएमपीएस बाद ठरतो.

मीटरचीही परीक्षा घ्या. घड्याळात घालायचा नवा कोरा सेल मोजला की 1.5 ते 1.6 च्या आसपास आकडा यायला हवा. स्वस्त मीटरमधली 9 व्होल्टची बॅटरी उतरली की मीटर बंद पडण्याआधी बराच काळ चुकीचे, बहुधा चढे आकडे दाखवतो. पिवळीवर 13.5, लालवर 5.7, सगळंच एकाच प्रमाणात जास्त दिसलं, तर एसएमपीएसवर शंका घेण्याआधी मीटरची बॅटरी बदला.

सुरक्षिततेचं थोडक्यात, पण मनापासून सांगतो. एसएमपीएसचा पत्र्याचा डबा कधीही उघडू नका. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या भागावर, सुमारे 325 व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतं. या लेखातली सगळी मोजमापं डब्याबाहेर, कमी व्होल्टच्या वायरींवरच आहेत. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पायात कोरडी चप्पल असू द्या. आणि दोन प्रोबची टोकं एकमेकांना किंवा शेजारच्या पिनला लागणार नाहीत याकडे पूर्ण लक्ष ठेवा. पिवळी आणि लाल क्षणभर एकत्र आली तरी बोर्डाचं नुकसान होऊ शकतं. प्रोबच्या टोकावर इन्सुलेशनची बारीक नळी चढवून फक्त तीन-चार मिलिमीटर धातू उघडा ठेवला, तर ही भीती खूप कमी होते.

प्लग लावण्याआधी एकदा डोळ्यांनी आणि नाकाने तपासा. डब्याच्या मागे 115 आणि 230 असं लिहिलेलं लाल बटण असेल तर ते 230 वरच हवं. आपल्याकडे ते 115 वर सरकवून संगणक सुरू केला तर आतले भाग मोठा आवाज होऊन फुटतात. पंख्याच्या जाळीवर धुळीचा नमदा बसलाय का, जळका वास येतोय का, हे बघा. मग टॉर्च घेऊन मदरबोर्डवरचे छोटे दंडगोल, म्हणजेच कॅपॅसिटर, एकेक करून पाहा. त्यांचं ॲल्युमिनियमचं डोकं सपाट असायला हवं. त्यावर अधिक चिन्हासारखी किंवा ‘के’ अक्षरासारखी खाच असते. ती खाच वर उचलली गेली असेल, डोकं घुमटासारखं फुगलं असेल किंवा तपकिरी चिकट डाग दिसत असेल तर तो कॅपॅसिटर संपला. 2000 नंतरच्या पाच-सात वर्षांत बनलेल्या असंख्य बोर्डांवर आणि एसएमपीएसमध्ये निकृष्ट कॅपॅसिटर बसले होते. त्या काळातला संगणक असेल तर ही पाहणी अजिबात टाळू नका.

आता पहिलं मोजमाप. संगणक बंद, पण प्लग लावून भिंतीवरचं बटण चालू, आणि डब्यामागे स्वतंत्र खटका असेल तर तोही चालू. मदरबोर्डचा मोठा कनेक्टर जागेवरच राहू द्या. काळा प्रोब एखाद्या मोकळ्या चार पिनी कनेक्टरच्या काळ्या वायरीच्या खोबणीत घाला. लाल प्रोबचं टोक मोठ्या कनेक्टरच्या मागून, जिथून जांभळी वायर आत शिरते तिथून, वायरीला लागून हळूच आत सरकवा. आत धातू लागला की आकडा दिसतो. कनेक्टर न काढता मागच्या बाजूने मोजायची ही पद्धत नीट जमवून घ्या, कारण पुढची बरीचशी कामं याच पद्धतीने होतात.

जांभळीवर 5 च्या जवळ आकडा आला तर एसएमपीएसचा एक भाग जिवंत आहे. शून्य आला तर आधी भिंतीतला सॉकेट, प्लग आणि जाड वायर तपासा. तीच वायर दुसऱ्या संगणकाला लावून पाहा. सैल बसलेल्या वायरीमुळे दुकानापर्यंत गेलेले संगणक कमी नाहीत. सगळं ठीक असूनही शून्यच राहिला तर एसएमपीएस गेला असं बहुतेक खात्रीने म्हणता येतं. इथे आकडा 5.25 च्या वर असेल तर मात्र प्लग ताबडतोब काढा. काही जुन्या, स्वस्त एसएमपीएसमध्ये या भागातला एक छोटा कॅपॅसिटर वाळला की जांभळीचं व्होल्टेज वर चढत जातं, आणि प्लग लावलेला असेपर्यंत बोर्ड ते सोसत राहतो.

दुसरं मोजमाप हिरव्या वायरीचं. संगणक बंद असताना ती सुमारे 5 व्होल्ट दाखवते, काही ठिकाणी थोडं कमी. आता प्रोब तसाच धरून कुणाला तरी पुढचं बटण दाबायला सांगा. आकडा झटकन शून्याजवळ यायला हवा. मदरबोर्डने एसएमपीएसला दिलेली हाक ती हीच.

इथून वाट दोन दिशांना फुटते. बटण दाबूनही हिरवी 5 वरच राहिली, तर हाकच गेलेली नाही. दोष बटणात, त्याच्या बारीक वायरीत किंवा बोर्डात आहे. एसएमपीएस बदलून काहीही होणार नाही. कॅबिनेटचं बटण वर्षानुवर्षं दाबून आत गेलेलं असतं. बोर्डवर ‘पॉवर स्विच’ लिहिलेल्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडून संगणक सुरू झाला, तर सगळा खर्च एका बटणाचा. उलट हिरवी शून्यावर आली, पण पंखा हलला नाही किंवा एक झटका घेऊन थांबला, तर एसएमपीएस बिघडलाय किंवा संगणकात कुठेतरी शॉर्ट आहे म्हणून तो स्वतःला वाचवतोय. प्लग काढून हार्ड डिस्क, सीडी ड्राइव्ह, जास्तीची कार्डं यांच्या वायरी एकेक करून सोडा आणि दर वेळी पुन्हा सुरू करून बघा. एखादी वायर सोडल्यावर सगळं सुरळीत झालं, तर चोर सापडला.

संगणक सुरू होत असेल तर मुख्य मोजमापाकडे वळू. मोकळा चार पिनी कनेक्टर सर्वांत सोयीचा, कारण त्याच्या पिना आत दडलेल्या असतात आणि शॉर्ट होण्याची भीती कमी. काळा प्रोब काळ्यात, लाल प्रोब आधी पिवळ्यात, मग लालमध्ये. नारिंगी वायर या कनेक्टरवर नसते, ती मोठ्या कनेक्टरच्या मागून मोजावी लागते. मोठ्या कनेक्टरच्या एका टोकाला असलेल्या नारिंगी वायरीच्या खोबणीतून आणखी एक बारीक वायरही आत जाताना दिसेल, बहुधा तपकिरी. बोर्डपर्यंत पोचलेलं 3.3 व्होल्ट नेमकं किती उरलं हे एसएमपीएस तिच्यावरून ओळखतो आणि कमी-जास्त करून घेतो. ती निसटलेली असेल तर 3.3 चा आकडा भरकटतो.

तिन्ही आकडे मर्यादेत आले की बरेच जण समाधानाने मीटर बंद करतात. सर्वांत मोठी चूक इथेच होते. विंडोजचा पडदा नुसता उघडा आहे, कुठलंच काम चालू नाही, अशा वेळी थकलेला एसएमपीएसही छान आकडे दाखवतो. रिकामी गाडी कुठलाही बैल ओढतो. खरी परीक्षा भार पडल्यावरची.

भार टाकायला वेगळं यंत्र लागत नाही. सीडी ड्राइव्हमध्ये सीडी घालून ती हार्ड डिस्कवर कॉपी करायला लावा. त्याच वेळी एखादी मोठी व्हिडिओ फाइल सुरू करा. प्रोसेसर, डिस्क आणि ड्राइव्हची मोटर एकाच वेळी वीज मागू लागतात. आता पिवळीवर नजर ठेवा. 12.1 वरून 11.9 वर येणं साधारण आहे. सीडी फिरू लागताच 11.5 आणि मग 11.3 दिसलं, तर एसएमपीएस दम सोडतोय.

ओळखीच्या एका पतसंस्थेतला पेंटियम 4 संगणक असाच वागायचा. पासबुक छापून होई, खाती उघडत, पण सीडी घातली की रीस्टार्ट. विंडोज पुन्हा टाकून झालं होतं, रॅमही बदलून झाली होती. मोकळ्या वेळी पिवळीवर 11.9 येत होतं, म्हणजे कागदावर सगळं उत्तम. सीडी फिरायला लागली की मीटरवर 11.6, मग 11.2, आणि पुढच्या क्षणी पडदा काळा. जाणकार तंत्रज्ञाने डबा उघडला तेव्हा आतले दोन कॅपॅसिटर फुगलेले निघाले. एसएमपीएस बदलला आणि तोच संगणक पुन्हा कामाला लागला.

पण साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. त्यापेक्षा झटपट येऊन गेलेली घसरण त्याला दिसतच नाही. म्हणून एकदा बघून थांबू नका. संगणक अर्धा-पाऊण तास चालू ठेवून, डबा गरम झाल्यावर पुन्हा मोजा. काही दोष फक्त गरम झाल्यावर दिसतात. काही उलटे असतात: कॅपॅसिटर वाळलेला असला की सकाळी थंड संगणक दोन-तीनदा बटण दाबल्यावर सुरू होतो आणि नंतर दिवसभर नीट चालतो. सकाळचं दुखणं असेल तर मोजमापही सकाळीच घ्या.

लाल आणि पिवळी एकमेकींशी कशा बांधलेल्या आहेत, हेही समजून घ्यायला हवं. जुन्या एसएमपीएसमध्ये 12 आणि 5 व्होल्ट या दोन्हींचा तोल एकाच मंडलातून, दोघांची सरासरी धरल्यासारखा सांभाळला जातो. त्यामुळे 5 वर खूप भार आणि 12 वर जवळपास काहीच नाही अशी स्थिती आली, की 5 खाली जातं आणि 12 वर चढतं. लालवर 4.8 आणि पिवळीवर 12.6 असे आकडे दिसले तर घाबरण्याआधी हे आठवा. पेंटियम 3 आणि ॲथलॉन एक्सपीच्या काळातल्या बऱ्याच बोर्डांचा प्रोसेसर 5 व्होल्टवर चालायचा, तेव्हा हे चित्र नेहमीचं होतं. पेंटियम 4 पासून प्रोसेसरची भूक 12 व्होल्टकडे वळली, आणि त्यासाठीच दोन पिवळ्या-दोन काळ्या वायरींचा वेगळा चौकोनी कनेक्टर आला.

त्या चौकोनी कनेक्टरच्या मागूनही पिवळी मोजाच. मोकळ्या कनेक्टरवर 12.0 आणि इथे 11.5 असा फरक दिसला, तर एसएमपीएस निर्दोष असून दोष वायरीत किंवा पिनेत असण्याची शक्यता जास्त. प्लग काढा, थोडं थांबा, कनेक्टर सोडवून आत डोकावा. चांगल्या कनेक्टरचं प्लास्टिक दुधट पांढरं किंवा स्वच्छ काळं असतं. पिन तापत असेल तर तिच्याभोवतीचं प्लास्टिक पिवळसर तपकिरी होतं, कडेला वितळतं, आणि पिनेची चकाकी जाऊन ती काळपट निळी दिसते. मोठ्या कनेक्टरवर लाल आणि नारिंगी पिनांपाशी हे विशेष आढळतं. कोकणात, समुद्राजवळच्या गावांत, पावसाळ्यानंतर पिनांवर हिरवट गंजही येतो. कनेक्टर काढून पुन्हा घट्ट बसवल्याने काही काळ काम चालतं, पण जळकी पिन बदलूनच घ्यावी.

करडी वायर शेवटी मोजा. संगणक चालू असताना तिच्यावर साधारण 5 व्होल्ट असतं. बाकीची व्होल्टेज स्थिर झाल्यावर सेकंदाच्या दहाव्या ते अर्ध्या हिश्शाएवढ्या वेळात एसएमपीएस हा संकेत देतो, आणि तो आल्याशिवाय मदरबोर्ड काम सुरूच करत नाही. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडदा काळाच राहतो, अशा वेळी करडी शून्यावर आहे का ते पाहा. शून्यावर असेल आणि बाकीचे आकडे ठीक असतील, तरी एसएमपीएसच सदोष समजायचा.

संगणकाच्या बायोसमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या सेटिंगच्या पडद्यावर, व्होल्टेज दाखवणारं एक पान असतं. ते सोयीचं आहे, पण त्यावर निकाल देऊ नका. बोर्डवरची चिप ते आकडे मोजते आणि ती बरीच चुकू शकते. बायोस 11.2 म्हणतोय आणि मीटर 11.95, तर मीटरवर विश्वास ठेवा. शिवाय बायोसचं पान उघडं असताना संगणकावर मोठा भार नसतो.

साध्या मीटरला एक दोष दिसत नाही, तोही सांगायला हवा. डीसी वीज अगदी सपाट नसते, तिच्यावर बारीक लाटा असतात. 12 व्होल्टवर या लाटा 120 मिलिव्होल्टपर्यंत आणि 5 व 3.3 वर 50 मिलिव्होल्टपर्यंत चालतात. कॅपॅसिटर वाळले की लाटा मोठ्या होतात, संगणक अडखळतो, आणि मीटर मात्र सरासरी दाखवून 12.0 च म्हणत राहतो. लाटा पाहायला ऑसिलोस्कोप लागतो. म्हणून आकडे चांगले असूनही त्रास थांबत नसेल, तर ओळखीच्याकडून चालू स्थितीतला दुसरा एसएमपीएस आणून चार दिवस लावून बघणं हाच खरा उपाय.

संगणकाचं घड्याळ रोज मागे जातंय, तारीख भलतीच दिसतेय, एवढीच तक्रार असेल तर एसएमपीएसला हात लावू नका. बोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा सीआर 2032 सेल असतो. नवा असताना तो 3 व्होल्ट किंवा किंचित जास्त दाखवतो. पावणेतीनच्या खाली गेला की बदलून टाका.

बोर्डापासून वेगळा करूनही एटीएक्स एसएमपीएस तपासता येतो. प्लग काढलेला असताना मोठा कनेक्टर सोडवा आणि हिरवी वायर तिच्या शेजारच्या काळ्या वायरीशी, टोकं सोललेल्या छोट्या वायरीने जोडा. हिरवीच्या दोन्ही बाजूंना काळ्याच असतात, पण दोनदा खात्री करून घ्या. एखादी जुनी हार्ड डिस्क किंवा सीडी ड्राइव्ह जोडून ठेवा, कारण काही जुने एसएमपीएस भाराशिवाय सुरूच होत नाहीत, किंवा सुरू होऊन चुकीचे आकडे देतात. नंतरच प्लग लावा. नुसता पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला असं मात्र मानू नका. या चाचणीत नापास झालेला नक्की खराब, पण पास झालेला चांगलाच असेल असं नाही.

आता एटीबद्दल. 1981 च्या पहिल्या आयबीएम पीसीचा एसएमपीएस अवघा 63.5 वॅटचा होता. त्या घराण्यातले सहा-सहा वायरींचे कनेक्टर 1990 च्या दशकापर्यंत चालले. यात 3.3 व्होल्ट नसतं, जांभळी आणि हिरवी नसते. इथली नारिंगी म्हणजे ‘सगळं ठीक’ सांगणारी वायर, आणि तिच्यावर 5 व्होल्ट येतं. एटीएक्सच्या सवयीने ते 3.3 चं बिघडलेलं व्होल्टेज वाटतं आणि चांगला एसएमपीएस फेकला जातो. दोन्ही कनेक्टर बोर्डवर बसवताना काळ्या वायरी मधोमध, एकमेकींना लागून यायलाच हव्यात. उलटे बसले तर बोर्ड जळतो. आणि या संगणकांत कॅबिनेटच्या पुढच्या बटणापर्यंत थेट 230 व्होल्ट आलेलं असतं. त्या बटणाच्या आसपास प्रोब घेऊन जाऊच नका.

एसएमपीएस बदलायचं ठरलं तर वॅटचा मोठा आकडा पाहून भुलू नका. डब्यावरच्या लेबलावर प्रत्येक व्होल्टेजपुढे किती अँपिअर लिहिलेत ते वाचा आणि जुन्या लेबलाशी ताडून बघा. आजचे एसएमपीएस आपली बहुतेक ताकद 12 व्होल्टवर देतात. पेंटियम 3 किंवा ॲथलॉन एक्सपीला 5 व्होल्ट भरपूर लागतं, आणि तिथे नवा 450 वॅटचा डबाही कमी पडू शकतो. 24 वायरींच्या कनेक्टरमधला चार वायरींचा तुकडा सुटा होत असेल तर तो 20 च्या जुन्या बोर्डवरही बसतो. 1990 च्या दशकाच्या अखेरचे डेलचे काही संगणक मात्र अपवाद आहेत. त्यांचा कनेक्टर दिसायला एटीएक्ससारखाच, पण वायरींचा क्रम वेगळा. तिथे बाजारातला साधा एसएमपीएस लावला तर बोर्ड जाईल, म्हणून आधी रंग जुळवून पाहा.

कॅबिनेटला हात लावला की बारीक मुंग्या येत असतील तर तो एसएमपीएसचा दोष असेलच असं नाही. घरातल्या सॉकेटला अर्थिंग नसलं की हे होतं. एसएमपीएसच्या आतल्या गाळणीतले छोटे कॅपॅसिटर कॅबिनेटच्या पत्र्यावर थोडीशी वीज आणून सोडतात, आणि ती जमिनीत वाहून जायला वाट नसते. तीन पिनी प्लगची जाड पिन तोडून दोन पिनी सॉकेटमध्ये घालायची सवय आपल्याकडे अजून आहे. ती सोडा, आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग करून घ्या. भिंतीतलं सॉकेट स्वतः मोजायच्या फंदात पडू नका.

मोजून झालं की आकडे लिहून ठेवा: पिवळी, लाल, नारिंगी, जांभळी, भाराशिवाय किती आणि भारावर किती. खाली तारीख टाका आणि कागद कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवा. वर्षाने पुन्हा मोजाल तेव्हा भारावरची पिवळी 11.9 वरून 11.6 वर आलेली दिसली, तर संगणक बंद पडायची वाट न बघता तेव्हाच एसएमपीएस बदलून घ्या.